नंबर तेवढा वेगळा

डिसेंबर लागला की रात्री नऊला
रूथ कसबे जिना उतरून माझ्याकडे येते.
स्वेटरवर शाल, शालीखाली वाटीभर भाजके शेंगदाणे,
आणि दारातूनच विचारते,
"आज कोण चाललीय गावाला?"

कुणीतरी चाललेली असतेच.
मोठ्या शहरातली, उंच टाचांची, फोन कानाला चिकटलेला,
तिला बापाची बेकरी विकून टाकायची असते,
आणि गावात असतोच एक सुतार,
चौकड्यांचा शर्ट, बायको वारलेली,
मुलगी सात वर्षांची, वयापेक्षा जास्त शहाणी.
गोरी माणसं हिंदीत बोलतात,
ओठ एक म्हणतात, आवाज दुसरंच.
विसाव्या मिनिटाला कॉफी सांडते.
चाळिसाव्याला बर्फ.
"आता शहरातला तो येईल बघ," रूथ म्हणते.
येतो. लांब कोट घालून येतो बिचारा,
त्याला कुणी चहासुद्धा विचारत नाही.

सून म्हणते, आई, अहो, सगळे एकच तर आहेत.

तिला काय सांगू.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
छापून आलेले ताव तपासले मी,
एकावर एक, एकासारखा एक,
शाई केसभर सरकली तरी ताव बाजूला.
एक शंभराची नोट दुसऱ्या शंभरासारखी दिसते
म्हणून तर दूधवाला ती घेतो.
नंबर तेवढा वेगळा.

बाहेर पारा सहावर.
निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या असतील,
मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून माणसं जागी असतील.
इथला बर्फ कुणाचं काही नासवत नाही,
तिच्या पापणीवर बसतो
आणि वितळायचंच विसरतो.

"आमचा नाताळ कुठे गं असा," रूथ हसते.
"शरणपूरला रात्रीची उपासना, कानटोप्यांतले म्हातारे,
घरी करंज्यांचं तळण,
आणि दादानं केलेला कामट्यांचा तारा.
त्याचा दिवा लागायचा तो सव्वीस तारखेला."
हे सांगतानाही डोळे पडद्यावर.

परवा गुरुवारी
तो फलाटावर धावत होता, ती डब्यात चढत होती,
तीन-चार मिनिटं उरली होती फार तर,
आणि लाईट गेली.

मेणबत्ती शोधायला कुणीच उठलं नाही.
खाली कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता.
"मनमाडचा एक होता," रूथ म्हणाली. "रेल्वेत फिटर.
पत्र आलं होतं, रविवारच्या पॅसेंजरनं येतो,
स्टेशनवर ये."
मग?
"गेले नाही."
का गं?
"केस धुतले होते. वाळले नव्हते."
एवढंच?
"एवढंच. तेव्हा वाटलं, पुढच्या रविवारी येईलच की."

शेंगदाण्यांची टरफलं
ती अंधारात बोटांनी एका जागी गोळा करत होती.
माझ्या मनात आलं,
सिनेमात ही ओल्या केसांनीच पळाली असती
आणि वरून कुणीतरी बर्फ सोडला असता.
बोलले नाही.

लाईट आली तेव्हा
पडद्यावर नावं वर सरकत होती, घंटा वाजत होत्या.
आम्ही ती नावं वाचत बसलो,
दिवे लावणाऱ्यांची, केस विंचरणाऱ्यांची,
जणू त्यांत कुणी ओळखीचं निघेल.
"झालं असेल ना?" तिनं विचारलं.
झालंच असेल, मी म्हणाले.
"तरीपण."

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच परत होता.
दोनला दार वाजलं,
वाटी आणायची विसरली होती.
राहिलेली तीन मिनिटं बघायला
आम्ही पहिल्यापासून बसलो.
ती गावाला निघाली. सुतार रंधा मारत होता.
"थांब हं," रूथनं माझा हात दाबला,
आणि कॉफी सांडली,
अगदी वेळेवर.