एक तारा आणि चाळीस अक्षरं

खानापुरात उतरलो तेव्हा साडेदहा झाले होते.
पिशवीत लॅपटॉप, दोन भाकऱ्या,
आणि लागलीच तर म्हणून एक जादा वायर.
कौल कारखान्याच्या कामगारांची पतसंस्था,
जिन्याला लाल मातीचे तळवे,
वर टेबलाखाली सर्व्हर,
त्याच्या कपाळाला गेल्या दसऱ्याचं कुंकू.

यल्लाप्पा बिर्जे आषाढात गेले.
पासवर्ड कुणाला सांगून गेले नाहीत.
तसं कोण सांगतं?
माणूस दवाखान्यात जातो तो परत यायला.

इराण्णानं वही पुढं सरकवली.
अकरा दिवस काय काय घालून बघितलं
ते ओळीनं, कानडी आकडे टाकून:
थोरल्या मुलीचं नाव. धाकटीचं.
लक्ष्मीच्या यात्रेचं साल.
मोपेडचा नंबर.
मलप्रभा. मग मलप्रभा आणि पुढं उद्गारचिन्ह.
एक नोव्हेंबर.

"ही तारीख कुणी सुचवली?"
"मी बी, मॅनेजरांनी बी," इराण्णा म्हणाला,
"कारणं वेगळी ओ, आकडे तेच."
सर्व्हरनं दोघांना सारखंच हाकललं होतं.

मी ओळखायला आलो नव्हतो.
ओळखून पोट भरत नाही या धंद्यात.
आधी मागची वायर उपसली,
गावाशी त्याचं बोलणं तोडलं.
मग सर्व्हिस निजवली
आणि उठवताना कानात एवढंच सांगितलं:
आता कुणाला काही विचारू नकोस.

काळा पडदा. एक उभी रेघ, लुकलुकती.
आत गेलो.
तू कुठला, कुणाचा,
घरात काय बोलता,
काही नाही.
चार-पाच मिनिटं असतील.
या भागात जन्माला येऊन
इतका वेळ न विचारता
कुणी आत घेतलेलं मला आठवत नाही.
खाली ट्रकात कौलं भरत होते,
एकेक बोटानं वाजवून.
फुटकं असलं की आवाज बसका येतो.

तेवढ्यात रेणुकावहिनी आल्या,
शेअरच्या कागदावर सही करायला.
"घावला काय?"
"घावत नाही तो. बदलता येतो."
"म्हंजे त्यांनी काय घातलं होतं ते?"

पडदा त्यांच्याकडं वळवला.
यल्लाप्पांच्या नावापुढं एक तारा,
आणि ताऱ्यामागं चाळीस अक्षरं,
आकडे आणि इंग्रजी, भेसळ.
"शब्द घातला की मशीन त्याचं पीठ करून ठेवतं, वहिनी.
पिठाचा परत जोंधळा होत नाही."

त्या बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, लिहून द्या.
पावतीच्या पाठीवर चाळीसच्या चाळीस लिहिली,
त्यांनी बोट ठेवून मोजली,
एक चुकलेलं मला दाखवलं.

"पोरींचं नव्हतं म्हणता?"
"नव्हतं."
"माझं कुणी घालून बघितलं काय?"

इराण्णानं वही चाळली.
पहिल्या पानापासून.
मग परत एकदा, उलटीकडून.

मला एका ओळीत कळलं असतं.
तिच्या नावाचं पीठ करायचं,
दोन्ही शेजारी ठेवून ताडायचं, बस्स.
बोटं पट्टीवर होती.

"राहू दे," म्हणाल्या,
पावतीची चौघडी करून बटव्यात ठेवली,
आणि चपला शोधू लागल्या.

त्या जिना उतरेपर्यंत थांबलो.
मग ताऱ्यावर नवा तारा बसवला.
नवीन पासवर्ड पाकिटात, पाकीट तिजोरीत,
चिकटवलेल्या जागेवर दोन सह्या,
एक मराठी, एक कानडी,
दोन्ही वाचता न येणाऱ्या.
वायर परत खोचली.
लगेच विचारायला लागला: कोण?

बिल कुठल्या भाषेत करू, मी विचारलं.
इराण्णा म्हणाला,
"आकडा किती ते आधी सांगा की."