विषय क्रमांक एकच्या आधी

महासभा अकराची.
अकराला सभागृहात मी, दोन पेन्सिली
आणि ग्लास पुसत फिरणारा सोपान.
साडेअकराला घंटा. गणसंख्या नाही.
पावणेबाराला पुन्हा घंटा.
निम्मी गणसंख्या खाली चहाच्या गाडीवर उभी आहे
हे सोपानला माहीत, मला माहीत, नगरसचिवांनाही.
मी लिहिते:
गणसंख्येअभावी सभा पंधरा मिनिटे तहकूब.

मग राष्ट्रगीत. तेवढंच एका सुरात.

खाली बसता बसता कोशिरे उठतात, हरकतीचा मुद्दा:
विषयपत्रिका घरी पोचली रात्री नऊला,
नियम तीन पूर्ण दिवसांचा.
पूर्ण दिवस म्हणजे सूर्योदय ते सूर्योदय
की कार्यालयाची वेळ,
यावर बावीस मिनिटं.
गांगुर्डेताई म्हणतात, आधी पाणी घ्या,
सातपूरला नळातून चहा येतोय,
आणि पुराव्याची बाटली पीठासनावर ठेवतात.
महापौर म्हणतात, आधी शोकप्रस्ताव.
पिंजारी म्हणतात, आधी मागचं इतिवृत्त,
त्यात माझं भाषण अर्धंच आलंय.
(ते तेवढंच बोलले होते.)

शोकप्रस्तावात तीन नावं.
कुणाचं आधी, यावर दोघे पुढे धावले.
मेलेल्यांची काही हरकत नव्हती.

लघुलिपीत गोंधळाला मी एकच रेघ ठेवली आहे,
आडवी, शेवटी जराशी वाकलेली.
माईक ओढला, ती रेघ.
विषयपत्रिका फाडून उडवली, ती रेघ.
सगळे एकदम बोलले आणि कुणीच काही म्हणालं नाही,
तरी तीच.
आजच्या पानावर अशा एकोणीस,
लांबून बघितलं तर नांगरलेलं वाटतं.

आमचे नाना गोंधळी, चांदवडकडचे.
संबळ कमरेला, हातात दिवटी,
नावं घेत सुटायचे:
वणीची, चांदवडची, तुळजापूरची,
कोल्हापूरची, माहूरची,
मग शिवारातले म्हसोबा, वेशीवरचा मारुती,
विहिरीतल्या सात जणी.
एक नाव राहिलं की पुन्हा पहिल्यापासून.
यजमान पेंगायचे, पोरं झोपायची,
कथा अजून सुरूच नाही.
मी विचारलं होतं एकदा, आले का हो सगळे?
नाना म्हणाले, आलेत असं धरून चालायचं.
तू तेल किती उरलंय ते बघ.

दीड वाजता महापौर घड्याळ बघतात
आणि पुढच्या तारखेवर चर्चा पेटते.
मंगळवारी संकष्टी.
बुधवारी पंचवटीत लग्न, दोन्ही गटांना पत्रिका.
गुरुवारी अर्धे मंत्रालयात.
शनिवारी शक्य आहे, पण
शनिवार कोशिऱ्यांना चालतो म्हणून पिंजाऱ्यांना चालत नाही.
शेवटी शुक्रवार.
वेळ?
अकरा, असं सगळं सभागृह एकमुखाने म्हणालं
आणि आपलंच ऐकून हसलं.
हसण्याला माझ्याकडे रेघ नाही.

नगरसचिव उभे राहिले:
विषय क्रमांक एक, अमरधाममधील बंद दिव्यांची
एवढं वाचून झालं,
तोवर दरवाजाशी जेवणाच्या डब्यांचा वास आला होता.
सभा तहकूब.

गांगुर्डेताई परत आल्या, एकट्याच.
बाटली कुठंय?
सोपान ओशाळला. ग्लासांबरोबर नेली होती त्याने,
पण ओतली नव्हती, झाकणाला चिठ्ठी दिसली म्हणून.
मागच्या खिडकीत उभी होती ती, शरणपूर रोडच्या उन्हात,
गाळ खाली, वर पाणी स्वच्छ.

बसलंय आता, सोपान म्हणाला.

सभागृहात तेवढंच काय ते बसलं होतं.
ताईंनी बाटली उचलली, जोरात हलवली,
पुन्हा चहा करून पिशवीत टाकली.
शुक्रवारी आणते, म्हणाल्या,
आणि तुम्ही हे लिहू नका.