तेरा नंबरचा पाना

कन्नमवार नगरातल्या आमच्या गच्चीवर
अकरा छत्र्या. सगळ्यांची तोंडं आग्नेयेला, वाशीच्या खाडीकडे,
जणू तिकडून कुणी हाक मारलीय.
सात मेलेल्या. एकीत कबुतरीने अंडी घातलीत.
आमची टाकीमागे,
विश्रामदादाने पंधरा वर्षांपूर्वी बसवलेली,
तळाला सिमेंटचा गोळा,
त्यावर त्याच्या अंगठ्याचा ठसा अजून आहे.

रविवारी कबड्डीच्या ऐन चढाईत
पडदा चौकोन चौकोन झाला.
खेळाडूचा पाय एका कोपऱ्यात, डोकं भलतीकडेच,
मग सगळंच निळं.
आई म्हणाली, "ढग आले असतील."
मे महिना. आभाळ घासलेल्या पातेल्यासारखं.

कारण मला ठाऊक होतं.
शेजारची बिल्डिंग परवापरवापर्यंत चार मजल्यांची होती,
आता एकोणीस झालेत, आणि वर सळ्या आहेतच.
आमचा उपग्रह तिच्या खांद्यामागे गेला.
आमच्याही बिल्डिंगचं तेच व्हायचंय;
त्या सहमतीच्या कागदावर मी सही केली, दादाने नाही.
जानेवारीपासून त्याचं-माझं बोलणं बंद.
दोन खोल्या, मध्ये छापील पडदा,
मिठाची बरणीसुद्धा आईच्या हातून ये-जा करते.

तिनेच मुकाट्याने पाना आणून दिला,
तेरा नंबरचा, दादाच्या पेटीतला,
ज्या पेटीला तो कुणाला हात लावू देत नाही.

वर पत्रा तापलेला. छत्री डावीकडे फिरवली, उजवीकडे,
खिडकीतून शैलावहिनी ओरडायची, "शून्य!"
पुन्हा, "शून्यच!"
भिंतीला विचारून काय मिळणार?
फोन लावला असता, पण कुणाला?

मग गोळा ओढत नेला पश्चिमेच्या कठड्याशी,
तिथून टॉवरची कड आणि क्रेन यांच्यामध्ये
आभाळाची एक चिंचोळी फट दिसते.
वायर पुरेना.
मी ओढली. अडली. पुन्हा ओढली,
आणि खालून कुणीतरी सोडायला लागलं,
हातभर, मग आणखी हातभर,
टीव्हीमागे गुंडाळून ठेवलेलं वेटोळं
कुणी उलगडत होतं, ते मला वायरीतून कळत होतं.

नट सैल केला. छत्री थोडी वर उचलली.
वहिनीचा आवाज आला नाही.
आला तो जाड, घसा न खाकरता बाहेर पडलेला:
"बावीस."

मी हललो नाही.
चार महिन्यांनंतरचा पहिला शब्द.

"एकतीस," तो म्हणाला. "अठरा. कुठे चाललास? खाली घे."
मी खाली घेतली.
"सत्तेचाळीस."
बोटभर.
"त्रेसष्ट. हळू."
घाम डोळ्यांत, पाना निसटतोय,
क्रेनवरचा माणूस पिंजऱ्यातून माझ्याकडे बघत डबा खातोय.
"अडुसष्ट."
केसभर उजवीकडे.
"सदुसष्ट. परत ये."
आलो.
"अडुसष्ट."
मी मुद्दामच पुन्हा ढळलो, थोडासा.
"पासष्ट," तो म्हणाला, न चिडता. "अडुसष्ट. सत्तर. अडुसष्ट."

तेवढ्यात आई कडाडली,
"अरे मेल्यांनो, केव्हाचं स्वच्छ दिसतंय!
दुसरी मॅच लागली, आता ओरडू नका!"

वर मी, खाली तो.
कबुतरी अंड्यांवर परत येऊन बसली.
क्रेनचा हात सावकाश फिरत
आमच्या फटीकडे सरकू लागला होता.

जरा वेळाने खिडकीतून आलं,
"घट्ट कर.
पण फार नको. आटे जातील."