शेवटच्या रांगेतून

एकसष्ट स्लाइड्स पाठवल्यात जव्वादसाहेबांनी.
पहिल्या चार नमनाच्या, घडाभर तेलाच्या:
आयोजकांचा शिक्का, प्रायोजकांचे शिक्के,
शिक्क्यांखाली शिक्के,
आणि कोपऱ्यात कुठेतरी, मुंगीएवढा, विषय:
समुद्राचं पाणी गोडं करण्याचा खर्च.

परिषद गुरुवारी. आज मंगळवार, रात्रीचे अकरा.
मनामाच्या या सभागृहात दोन हजार चारशे खुर्च्या
अजून प्लॅस्टिकच्या पिशव्या घालून बसल्यात.
मी मधोमध. निवलेला करक चहा, लॅपटॉप,
आणि समोर भिंत. भिंत कसली,
अठरा मीटर रुंद उजेड.

"सगळंच महत्त्वाचं आहे, मॅडम," साहेब फोनवर म्हणतात.
असेलही.
समुद्रातही सगळंच असतं,
म्हणून काय कुणी पेला बुडवून पितं?

उपसायला घेते.
तेविसाव्या स्लाइडवर चौदा मुद्दे. तीन ठेवते.
त्यातले दोन तर साहेब तोंडाने सांगतीलच की.
एक ठेवते.
सावल्या काढते, चकाकी काढते,
गरगरत येणारी अक्षरं
जागच्या जागी उभी करते.
काढलेलं फेकत नाही. एक फोल्डर आहे,
नाव दिलंय 'मीठ'.
भरत चाललंय.

अरबी पडद्यासाठी सगळं उजवीकडून डावीकडे.
नवखा असीफ एका कळीत आरसा फिरवून मोकळा झाला:
वर्षं तिथेच राहिली, रेघ तेवढी वळली,
आणि पाच वर्षं उतरत आलेला खर्च
भर सभागृहात चढायला लागला.
बाण सरळ करता करता
पुढे कुठलं आणि मागे कुठलं
हेच मला थोडा वेळ कळेना.
बारा वर्षं झाली इथे. होतं असं.

टंकबहादूर गालिचा झाडत होता.
म्हटलं, "शेवटच्या रांगेत जाऊन बस जरा."
तो बिचकला. खुर्चीत बसणं त्याच्या कामात येत नाही.
मग पिशवी न काढताच टेकला, काठावर.
"काय दिसतं?"
"पंखा."
तो विजेच्या वापराचा गोल तक्ता होता, सात रंगांचा.
काढला.
"आता?"
"एकेचाळीस."
"कशाचे?"
"ते कुठं लिहिलंय?"
लिहिलं होतं. करड्यावर करडं, नाजूक,
हातभर अंतरावरून माझं मलाच आवडलेलं.
मोठं केलं, पांढरं केलं.
जड शब्द होता, त्याच्या जागी साधा घातला.
"आता?"
बराच वेळ काही नाही. वाटलं, डुलकी लागली.
मग तिकडून, अंधारातून:
"पाणी एकेचाळीस टक्के स्वस्त झालं?
आमच्या कॅम्पात बाटली तेवढ्यालाच मिळते, दीदी."

या प्रश्नाला स्लाइड नव्हती.
एकसष्टात नव्हती, 'मीठ'मध्येही नव्हती.

विषय बदलावा म्हणून विचारलं,
"सगळ्यात स्पष्ट काय दिसतं तिथून?"
त्याने भिंतीकडे बघितलंच नाही.
दाराच्या वर बोट केलं:
हिरव्या चौकटीतला पळणारा माणूस.
"तो. कुठूनही दिसतो.
सहा वर्षं बघतोय मी त्याला.
दाराशीच आहे, जीव घेऊन पळतोय,
पण बाहेर काही पडत नाही."
हसलो दोघंही. तो जरा जास्त.

एकोणीस स्लाइड्स पाठवून दिल्या.
भिंत मालवली तेव्हा सभागृहात
तेवढा एक हिरवा उरला.
त्याच्या खालून आम्ही बाहेर पडलो,
मी टॅक्सीकडे, तो मागच्या फाटकाकडे,
जिथे कॅम्पाची बस लागते.

पहाटे साहेबांचं उत्तर, एका ओळीचं:
शिक्का लहान दिसतोय.

मोठा करून दिला.