अठरावर सुई

विल्होळीच्या प्लांटवर, लॅबच्या पत्र्याखाली,
छोट्या डबीत जुनं डांबर.
पाण्यात ठेवलं, पंचवीस अंशांवर आणलं,
सुई सोडली, पाच सेकंद मोजले.
अठरा.
नव्यात हीच सुई साठ-बासष्टपर्यंत उतरते.
वहीत लिहिलं
आणि पुन्हा सोडली, दुसऱ्या जागी.
अठराच.

रात्री पेठ रोड खरवडला होता.
दात्यांच्या ढोलाने दोन इंच साल काढली,
पट्ट्यावरून ट्रकमध्ये, ट्रकमधून इथे:
ढीग माझ्या तिप्पट उंच,
त्यात झेब्राचे पांढरे तुकडे,
सोड्याचं एक बूच, खडीत रुतून बसलेलं,
आणि कुणाच्या तरी चपलेचा अंगठा.
तो मी खिडकीत ठेवलाय. का, माहीत नाही.

तुळशीराम भोये ढिगाशी उकिडवे बसले.
ढेकूळ उचललं, नखाने खरडलं, हुंगलं.
"हा आपलाच."
"कशावरून?"
"मागच्या सिंहस्थाच्या आधीचा. पेठ नाक्यापासून पुढं.
पेव्हरच्या पाटीवर मीच होतो. खडी बघ,
त्या साली चपटीच यायची. भांडलो होतो त्यावरून."
मग वहीकडे बघून: "किती?"
"अठरा."
"ऊन खाल्लंय एवढी वर्षं. कडक झालंय.
मेलं नाही."

खैरनार साहेबांना मात्र
जुना माल म्हणजे उष्टं ताट.
नव्या रस्त्यात भंगार? लोक काय म्हणतील?
मी कागद पुढे केला: तीस टक्के जुनं,
बाकी नवं, वर मऊ डांबर, थोडं तेल.
ते म्हणाले, पंधरा.
मी म्हणाले, तीस.
चहा आला. गार झाला.
पंचवीसवर सही झाली, तीही पेन्सिलने.

एक गोष्ट कागदावर नव्हती, ती भोयांनी दाखवली.
जुन्याला ज्योत दाखवायची नाही.
दाखवली की निळा धूर,
डांबर जळतं, नुसते दगड उरतात.
ज्योत नव्या खडीने सोसायची,
एकशे नव्वदपर्यंत तिनेच तापायचं,
आणि ड्रमच्या मधल्या कड्यातून जुना माल आत सोडायचा,
आगीच्या पाठीमागे.
तिथे शेजारणीच्या अंगानेच
तो सैल होतो, पुन्हा चिकट होतो.
मी ड्रमला कान लावून उभी.
आधी खडखडाट. मग खडखडाट कमी.

आज पहाटे तीनला, पेठ रोडवरच,
थर्मामीटर खोचला: एकशे बेचाळीस.
वास नेहमीचाच. कुणाला वेगळा ओळखू येणार नाही.
रोलर दोनदा जाऊन आला
तेव्हा काळ्यात एक पांढरा ठिपका वर आला,
नखाएवढा, चाळणीतून सुटलेला झेब्रा.
पोरगा फावडं घेऊन धावला.
भोयांनी नुसता हात आडवा केला.

उजाडल्यावर दोऱ्या सोडल्या.
पहिली आली भाजीची पिकअप, पेठकडून,
कोथिंबिरीच्या जुड्यांतून पाणी गळत होतं.
ठिपक्यावरून गेली ती. पुढे सिग्नलला थांबली.
मी वहीत तारीख टाकली
आणि पेन्सिलने लिहिलेल्या पंचवीसला
पेनाने गिरवून घेतलं.