यंत्रात राहिलेलं

धुळ्याहून पोरगा आला, लोकेश नाव,
मांडीवर लॅपटॉप, नाकावर रुमाल.
दोंडाईच्यात आमच्या मिरची-कांडपात
नवा माणूस आधी शिंकतो,
मग बोलतो.

"मावशी, पाकिटाचा रंग झाला, अक्षर ठरलं.
आता तुमची तीन मूल्यं सांगा.
ब्रँड म्हणजे शेवटी तुम्हीच."

मूल्य म्हटलं की मला भाव आठवतो.
फापडा काय किलो, लवंगी काय किलो,
कांडायचे किलोमागे किती.
ते नाही, तो म्हणाला. आतलं.

शुद्ध लिही, म्हटलं.
त्यानं पिशवीतून बाजारातली अकरा पाकिटं काढून
ओट्यावर मांडली.
अकराही शुद्ध.
त्यातल्या दोघांना मी ओळखते,
रंगाचा डबा कुठून आणतात तेही.

घरगुती लिही. नऊ निघाली.
आईच्या हातचं लिही. चार आया निघाल्या,
चौघींचा पदर एकसारखा, हसू एकसारखं.
माझी आई हसताना तोंडावर हात धरायची.

"बरं, असं सांगा," तो म्हणाला,
"काय केलं तर तुम्हाला झोप लागत नाही?"

वीज गेली होती. पट्टा थांबलेला.
बाहेर सुरतेकडे जाणारी मालगाडी
संपता संपेना.

मी यंत्राचं झाकण उघडलं.
हे बघ. प्रत्येकाची मिरची कांडून झाली
की आत, कडेला, एक मूठ चिकटून राहते.
ब्रश फिरवला तर निघते.
नाही फिरवला तर कुणाला कळत नाही.
दिवसाला तीस गिऱ्हाइकं, तीस मुठी.
सासरे ब्रश फिरवायचे. बोलायचे काही नाहीत,
फक्त तो खिळ्याला टांगलेला असे
समोरच, गिऱ्हाइकाला दिसेल असा.

एका वर्षी हे धुळ्याला दवाखान्यात होते,
तेव्हा मी ब्रश फिरवला नाही.
फाल्गुनापासून आखाजीपर्यंत.
संध्याकाळी सगळ्यांचं मिळून डब्यात,
डबा हायवेवरच्या शेवभाजीवाल्याकडे.
त्या पैशात इंजेक्शनं आली. हे घरी आले.
गल्लीत लेकी माहेरी आल्या, लिंबाला झोके बांधले,
आणि मी दारात उभी राहून मोजत होते
कुणाकुणाच्या ताटातलं
किती किती उचललं.

झेलाबाई दर साली पाच किलो आणते.
त्या साली पिशवी हातात तोलून म्हणाली,
"औंदा मिरची हलकी शे का व माय?"
उन्हानं असेल, मी म्हटलं.
तिनं मानलं.
शिवी दिली असती तर कधीच विसरले असते.

लोकेशची बोटं लॅपटॉपवर तशीच.
"मावशी, हे पाकिटावर नाही टाकता येणार."
नको टाकू.
पण ब्रश कुठे टांगायचा, ते आता बघ.

मग आम्ही दोघांनी बराच वेळ भांडून लिहिलं,
मागच्या बाजूला, पत्त्याच्या खाली:
वजन दोनशे ग्रॅम. घरी मोजून पाहा.
कमी भरलं तर मला फोन करा.
आणि नंबर. माझा, दुकानाचा नाही.
पुढे त्याच्या मनासारखी एक लाल मिरची ठेवली,
शुद्ध काढून टाकलं.
जागा मोकळी दिसते, तो कुरकुरला.
दिसू दे.

पहिल्या महिन्यात सात फोन.
पाच जणांना नुसतं बघायचं होतं
ही बाई उचलते का.
एक चुकून लागला, त्याला लग्नाचा मंडप हवा होता.
एकाचं खरंच चार ग्रॅम कमी निघालं, शिंदखेड्याचा,
त्याला अख्खं पाकीट पाठवलं,
तर तो आता शेजाऱ्यांचंही मोजतो.

झेलाबाईकडे फोन नाही.
यंदा तिची पाच किलो कांडताना
ब्रश दोनदा फिरवला,
वर माझ्या डब्यातलं थोडं घातलं, ती वाकलेली असताना.
तिनं पिशवी तोलली. माझ्याकडे पाहिलं.
"जड शे," म्हणाली.

उन्हानं असेल, असं तोंडावर आलं होतं.