चौदा हंस

माझ्या ताब्यात चौदा हंस आहेत.
फायबरचे, पायडलचे, अर्ध्या तासाला सातशे येन.
नऊ नंबरचा गळतो.
अकराची मान कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोत तुटली,
ती चिकटपट्टीवर उभी आहे.

नोव्हेंबर लागला की गिऱ्हाईक आटतं.
तळ्यातल्या कमळांच्या काड्या होतात,
काड्या मोडून पाण्यात डोकं घालतात,
आणि एका सकाळी
मी कुलूप काढते तर
माझ्या हंसांच्या रांगेत
सैबेरिया येऊन बसलेला असतो.

तोकुजी-सान साडेसहालाच हजर.
चाळीस वर्षं या शहरातल्या लिफ्ट दुरुस्त केल्या त्यांनी,
अडकलेल्यांशी दाराच्या फटीतून बोलत.
आता गळ्यात दुर्बीण, मुठीत मोजणीचं यंत्र,
अंगठ्याखाली टिक्, टिक्.
तलवार बदकं दोनशे बारा.
शेंडी बदकं एकोणसत्तर.
थापट्यांचं टोळकं मात्र चोची पाण्यात खुपसून
गोल गोल फिरत राहतं,
कोण मोजून झालं, कोण राहिलं, पत्ता लागत नाही.
तोकुजी-सान पुटपुटतात
आणि पुन्हा एकपासून.

मी एकदा विचारलं,
दोनशे बाराच्या जागी दोनशे दहा लिहिलं
तर कुणाचं काय बिघडेल?
म्हणाले, त्या दोघांचं.

साडेसातला होशिना बाई येतात,
बेकरीतल्या कडांची पिशवी घेऊन,
'पक्ष्यांना खाऊ घालू नये' या पाटीला टेकूनच उभ्या राहतात.
रोजचं भांडण.
पावानं पोट भरतं, अंग भरत नाही, मग उडायचं कशावर?
नका उडू म्हणावं.
असं कसं?
सगळ्यांनी जायलाच हवं असं कुठं लिहिलंय?
त्यावर तोकुजी-सान
दुर्बिणीची काच पुसत बसतात, स्वच्छ असलेली.

बाईंचा लाडका एक नर, एका पायाचा.
नाव ठेवलंय शाचो, म्हणजे कंपनीचे मोठे साहेब.
पाव खाऊन साहेब नऊ नंबरच्या पायरीवर चढतात,
चोच पाठीत खुपसून झोपतात,
लांब शेपटी हंसाच्या पोटाला टेकलेली.
उडता येतं त्याला. आम्ही पाहिलंय.

फेब्रुवारीच्या शेवटी पाणी बडबडायला लागलं.
रात्री शिट्ट्या, माना वरखाली,
एक थवा उठायचा, घिरटी घालून परत यायचा,
गॅस बंद केला का ते पाहायला परतावं तसा.

मग एका रात्री वारा दक्षिणेचा झाला.

सकाळी तळं इतकं मोठं होतं
की मला कुलूप सापडेना.
तोकुजी-साननी दुर्बीण लावली,
नेहमीसारखीच, डावीकडून उजवीकडे, घाई नाही,
रिकाम्या पाण्याचा वीतभरही तुकडा न गाळता.
वहीत तारीख घातली.
वारा लिहिला.
शून्याचं वर्तुळ अर्धं काढलं होतं,
तेवढ्यात नवाच्या मागून
पाण्यावर एक रेघ आली.

होशिना बाईंच्या हातातली पिशवी खाली पडली.
मला वाटलं, हसतील.
त्या कठड्यापाशी धावल्या,
स्कार्फ काढून हवेत झटकू लागल्या,
जा, जा ना रे, अजून गाठशील,
जा म्हणते ना.
शाचो जवळ आला. पाहत राहिला.
पाव कुठाय, इतकंच.

तोकुजी-साननी वाकून पिशवी उचलली,
त्यातली एक कड काढली,
पाटीकडे पाठ केली
आणि टाकली पाण्यात.
टिक्.

शनिवारी गर्दी होती, चेरी फुलल्या होत्या,
पोरं विचारत होती, तो कोपऱ्यातला का नाही?
गळतो, मी म्हटलं.
खोटं नाही ते.